'स्मार्ट ऑइल'च्या नावाखाली 2,83,200 रुपयांची टोपी
भोसरी-चाकणच्या मशीन-शॉपवाल्यांनो, "एमआर फ्लुइडचा (चुंबकाने घट्ट होणाऱ्या तेलाचा) डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, बसवतो, स्पिंडलचं (मशीनच्या फिरत्या दांड्याचं) व्हायब्रेशन निम्मं करतो" म्हणत कोणी आला, तर आधी त्याचा डबा काट्यावर ठेवा. मला 2,40,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,83,200 ची टोपी बसली. 1,69,920 ॲडव्हान्स, 1,13,280 माल आल्यावर, दोन्ही आरटीजीएस.

एवढा कसा गंडलास, असं विचारू नका. तंत्र खोटं नाहीच. तेलात काही मायक्रॉनचे लोखंडाचे कण असतात. चुंबकीय क्षेत्र मिळालं की मिलिसेकंदांत त्यांच्या साखळ्या होतात आणि तेल लोण्यासारखं घट्ट होतं. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवती ते भरायचं, क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला थरथर सगळ्यात वाढते तो) ओलांडताना कॉइलला करंट द्यायचा, पुढे बंद. अमेरिकेत जेकब रॅबिनो या संशोधकाने असं तेल 1940 च्या दशकातच करून दाखवलंय. डेमो तर माझ्याच टेबलावर झाला. बाटलीला चुंबक लावलं, आतला काळा द्रव जागीच थिजला. बाटली अस्सल होती हो!

आणि डबा? पाच लिटरचा, पोऱ्याने ॲक्टिव्हावरून उतरवून दोन बोटांवर आत आणला. चलनावर छापलेलं, निव्वळ वजन 4.65 किलो. आमच्या स्टोअरवाल्याने काट्यावर ठेवून बरोबर म्हणून टिकही मारली! खरा माल पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो, पाच लिटर म्हणजे बारा किलोच्या वर. ते चलन आजही बघितलं की डोकं फिरतं. पण तेलाचा डबा हलका का, असं कोण विचारतं?

डॅम्पर बसवून करंट दिला, व्हायब्रेशनचा मीटर 7.2 वरून जेमतेम 7.1. ग्लासात ओतून चुंबक लावलं, ढिम्म. नुसतं काळं केलेलं तेल.

चौकीत साहेब म्हणाले, "तेल मागवलं, तेल मिळालं, मग फसवणूक कसली? दिवाणी कोर्टात जा." 1930 या सायबर हेल्पलाइनवर उत्तर, माल हातात आलाय, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाला, धंद्यासाठी घेतलंय, कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. बिलावरचा जीएसटी नंबर आधीच रद्द झालेला, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं 43,200 चं क्रेडिटही बुडालं. जीएसटी ऑफिसात काय, "ऑनलाइन तक्रार टाका." आपलं रिटर्न एकदा चुकू द्या, नोटीस कशी धावत येते बघा!

जीएसटी नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो, ॲडव्हान्सआधीच तपासा. चुंबक डेमोच्या बाटलीला नाही, आलेल्या डब्यातल्या मालाला लावा, त्याच्या देखत सील फोडून. उरलेले पैसे मीटरचा आकडा उतरल्यावरच. आणि घनता लिहिलेली डेटाशीट मागितल्यावर "फॉर्म्युला गुप्त आहे" म्हणाला, तर चहा पाजून कटवा.