'जिन' या शब्दावर पारखलेला एक इंग्रजी-मराठी शब्दकोश

शाळा सुरू होण्याच्या सुमारास हिंगणघाटच्या पुस्तकांच्या दुकानांत मध्यम आकाराचे इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडले जातात. त्यांपैकी एक आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या ग्रंथालयासाठी घेतला आणि वर्गात वापरून पाहिल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. प्रकाशकाचे नाव देत नाही, कारण याच बेताचे कोश इतरही प्रकाशक काढतात आणि त्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच असतात. पाने नुसती डिंकाने चिकटवलेली नसून शिवलेली आहेत, टंक डोळ्यांना त्रास न देणारा आहे आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत दिलेला आहे. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्यांना या शेवटच्या सोयीचा फार उपयोग होतो.

शब्दकोश पारखायचा तर आकाराने लहान पण अनेक अर्थांचा शब्द काढून पाहावा, असे माझे मत आहे. मी 'जिन' काढला. कपाशीच्या पट्ट्यात हा शब्द कानावरून गेला नाही असे घर सापडणे कठीण, आणि १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यापासून तर तो सरकारी कागदांतही रुळलेला आहे. कोशातील नोंद अशी : 'एक प्रकारची दारू; फासा, सापळा; सरकी काढण्याचे यंत्र', आणि क्रियापद म्हणून 'सरकी काढणे; फाशात पकडणे'. यातील एकही अर्थ चुकीचा नाही. अडचण त्या अर्धविरामांची आहे, कारण ते वाचणाऱ्याला हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ वाटतात. सातवीतल्या एका मुलाने नोंद वाचून विचारले, "सर, सरकीची दारू निघते काय जी?" वर्ग हसला, परंतु नोंद पाहता त्याचा तर्क सरळ होता.

वस्तुतः इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि झिजता झिजता ते एका रूपावर येऊन ठेपले आहेत. यंत्राचा जिन लॅटिनमधील 'इंगेनियुम' या शब्दातून आला, ज्याचा अर्थ उपजत बुद्धी किंवा कल्पकता. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ कौशल्य, मग डावपेच आणि पुढे यंत्र असा सरकत गेला. इंग्रजीत आल्यावर आरंभीचा स्वर गळून पडला आणि 'जिन' तेवढा उरला. इंजिन आणि इंजिनियर हे शब्द त्याच घराण्यातले आहेत. फासा आणि सरकीचे यंत्र हे अर्थ म्हणूनच परस्परांना परके नाहीत. दोहोंच्या मुळाशी युक्ती आहे. मराठीतली कळ यंत्रात दाबली जाते आणि भांडणात काढलीही जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पाखरे धरण्याच्या फाशाला हाच शब्द योजला आहे, आणि सशांसाठी लावला जाणारा दातेरी लोखंडी जिन-सापळा इंग्लंडमध्ये १९५८ पासून बेकायदेशीर आहे. खाणीतला कोळसा वर ओढण्यासाठी घोडे जुंपून फिरवायच्या रहाटालाही तिकडे जिनच म्हणत. तो अर्थ कोशात नाही, आणि शालेय कोशात तो नसला तरी चालेल.

कापसाचा अर्थ त्या मानाने अलीकडचा असून एली व्हिटनीने १७९४ मध्ये अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतल्यावर तो ठळक झाला. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये मात्र व्हिटनीच्या जातीची दातेरी यंत्रे थोडी आणि दोन रुळांची यंत्रे फार. चामड्याचे रूळ फिरता फिरता कापसाचे तंतू ओढून घेतात, सरकी सुरीच्या कडेला अडते, वर-खाली हलणारी दुसरी सुरी तिला झटके देते आणि रुई रुळाबरोबर निघून गेल्यावर मोकळी झालेली सरकी खालच्या जाळीतून गळते. हे काम रोज पाहणाऱ्या मुलांसाठी कोशाने तिसऱ्या क्रमांकावर अर्धी ओळ खर्च करावी, ही कंजुषी खटकते. 'लिंट' या शब्दापुढे तर 'जखमेवर बांधण्याचे मऊ कापड' एवढेच आहे, रुईचा पत्ताच नाही. आणि 'बेल' या शब्दाला 'गठ्ठा' म्हटले आहे, जेव्हा १७० किलोच्या त्या दाबलेल्या ऐवजाला विदर्भातला हमालदेखील गाठ म्हणतो. कोश पुण्यामुंबईत बसून केला की असे होते.

दारूचा जिन निराळ्या वाटेने आला. लॅटिनमधील 'जुनिपेरुस' हे झुडपाचे नाव. आयुर्वेदातील हपुषा ती हीच. तिच्या फळांचा स्वाद दिलेल्या दारूला डच लोक 'येनेवर' म्हणत, इंग्रजांनी त्याचे 'जिनिव्हा' केले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचाही संक्षेप 'जिन' झाला. जिनिव्हा शहराशी त्याचा काही संबंध नाही. लंडनमध्ये या दारूने इतका धुमाकूळ घातला, की १७३६ आणि १७५१ मध्ये तिच्यावर कायदे करावे लागले. पत्त्यांतली 'जिन रमी' कोशात नाही, आणि आमच्या पारावर तिच्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

एवढी सगळी माहिती शालेय कोशाने द्यावी अशी माझी अपेक्षा नाही. परंतु मूळ वेगळे असलेल्या शब्दांच्या नोंदी वेगळ्या करून त्यांना १ आणि २ असे आकडे देणे, ही मोठ्या इंग्रजी कोशांतली जुनी रीत आहे आणि तिला जागाही फारशी लागत नाही. त्याचबरोबर यंत्राच्या नोंदीत 'इंजिन पाहा' एवढा निर्देश केला असता, तरी मुलांना दोन शब्दांचे नाते दिसले असते.

दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्याने हा कोश अवश्य घ्यावा. उच्चार आणि नेहमीचे अर्थ यांसाठी तो भरवशाचा आहे. गावच्या वाचनालयाने किंवा इंग्रजी शिकवणाऱ्याने मात्र एवढ्यावर भागवू नये आणि शब्दांची व्युत्पत्ती देणारा एखादा मोठा कोश जोडीला ठेवावा. आमच्या प्रतीत 'जिन'च्या नोंदीतला पहिला अर्धविराम मी पेन्सिलीने खोडला असून तेथे आकडे घातले आहेत.