सभा चालवायला शिकवणारा वर्ग, म्हापसा

शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून निवडून आले, पण आमच्याकडे मतदान म्हणजे "सगळ्यांना मान्य ना?" आणि लगेच चहा. म्हणून डिचोलीहून सकाळची कदंब बस पकडून या एक दिवसाच्या वर्गाला गेले. फी २०० रुपये, भाजी-पावासकट.

सगळ्यात कामाचा भाग उपसूचनेचा. पाण्याचा एक फिल्टर घ्यायचा ठराव आला आणि कुणी म्हणालं "दोन घ्या", तर आधी त्या दुरुस्तीवर मतं घ्यायची, मग मूळ ठरावावर. आम्ही सगळं एकत्रच कालवायचो! निर्णायक मतही कळलं. घटनेच्या कलम १०० प्रमाणे लोकसभेचे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान झाली तरच देतात. आमचे अध्यक्ष सगळ्यांच्या आधी हात वर करून मोकळे.

उणीव म्हणजे सगळी उदाहरणं विधिमंडळाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, त्यावर जेमतेम दोन मिनिटं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नसेल तर काय, असं मी विचारलं. "जेवणानंतर सांगतो" म्हणाले. जेवणानंतर वर्गातच गणपूर्ती नव्हती.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा भाजी-पावाचा.