कॉम्प्रेशन गेज: आठ महिने वापरल्यावर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणायला छान वाटतं, पण डिसेंबरच्या पहाटे इथं जुनी गाडी चालू करून दाखवा! माझी १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. आधीच्या मालकानं कैक वर्षं गॅसवर पळवलेली. मागच्या थंडीत ती नुसता सेल्फ खायची. ठिणगी होती, पेट्रोल येत होतं, गाडी काही पेटत नव्हती. गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या निकाल दिला, “रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागंल.” रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या बदलायला इंजिन खोलायचं.

मला सेल्फचा आवाज खटकत होता. तीन सिलिंडरच्या इंजिनाला फिरताना एक ठेका असतो. हिचा प्रत्येक तिसरा ठोका मऊ पडायचा, लंगडी घालत चालल्यासारखा. म्हणून सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारं हे गेज नांदेडहून साडेआठशेला आणलं. आट्यांचं, म्हणजे प्लगच्या जागी पिळून बसवायचं, ३०० पीएसआयपर्यंतचं (पीएसआय हे दाबाचं माप), सोबत १४ मिमीचा अडॅप्टर. ८०० ला तोच बसतो. दाबून धरायचं रबरी गेज स्वस्त मिळतं, पण एकटा माणूस ते धरणार कधी आणि सेल्फ मारणार कधी?

तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, पेट्रोलचा पाइपही काढला, नाहीतर इंजिन फिरलं की पंप पेट्रोल फेकत राहतो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. पहिल्या खेपेला एक्सिलरेटर दाबायचं विसरलो आणि तिन्ही सिलिंडर मेल्यासारखे दिसले. आत हवाच जात नव्हती. मग तळापर्यंत दाबून सेल्फ मारला. १५०, ६०, १४५.

मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. दोष रिंगांचा असता तर तेलानं फटी बुजून काटा चांगलाच चढला असता. चढला फक्त ६५ पर्यंत. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं की बहुधा दोन्ही पडतात. इथं शेजारचे दोघं ठणठणीत. राहिला वॉल्व, म्हणजे सिलिंडरची उघडमिट होणारी झडप. वरचं कव्हर उघडलं तर एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) वॉल्वच्या टॅपेटखाली, म्हणजे त्याला दाबणाऱ्या भागाखाली, फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पात शिरेना. गॅसवर वॉल्व टेकतो ती सीट झिजते, वॉल्व वर सरकतो, फट संपते आणि तो पुरता मिटतच नाही. टॅपेट सेट केलं, काटा ११५ वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चोक ओढून दुसऱ्या सेल्फला चालू.

आता गेजची तक्रार. जूनमध्ये तोच गॅरेजवाला हे मागून घेऊन गेला (हाफ इंजिनवाला, हो). परत आल्यावर मोजलं तर तिन्ही सिलिंडर शंभरच्या खाली! पण गाडी तर हाफ सेल्फला चालू होत होती. शेवटी गेजच्या नळीच्या टोकाची, दाब अडवून धरणारी पिन काढून पाहिली. जुनी गळायला लागली म्हणून त्यानं टायरची बसवली होती. दिसायला डिट्टो, पण टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असते, तेवढा दाब तीच खाते. गेजची पिन मागवायला पंधरा दिवस गेले. ती डब्यात जास्तीची द्यायला काय हरकत होती?

मागच्या आठवड्यात मधला पुन्हा १०० वर आलाय, बाकीचे जागच्या जागी. पोळा झाला की हेड उतरवून वॉल्व-सीटचं काम करून घेतो, थंडी पडायच्या आत.