ओट्यावरचा डिजिटल काटा: वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी एक अभिप्राय

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली खरेदी पायाखालच्या काट्याची होते, दुसरी बुटांची होते, आणि उत्साह फार असला तर एखाद्या पावडरीच्या डब्याची होते. माझे मत असे आहे की या सगळ्यांच्या आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचा लहान डिजिटल काटा घ्यावा, कारण पायाखालचा काटा झाल्या गोष्टीचा निकाल सांगतो आणि ओट्यावरचा काटा ती गोष्ट घडण्यापूर्वी, म्हणजे फोडणी पडण्यापूर्वी, आकडा दाखवतो. सांगलीच्या मारुती रोडवरील भांड्यांच्या दुकानातून आणलेला असा एक काटा आमच्या घरात बराच काळ रोजच्या वापरात आहे, आणि हा अभिप्राय त्याच्यावर आधारलेला आहे.

काटा अगदी साधा आहे. पांढऱ्या प्लास्टिकचे अंग, वर गोल तबकडी, पुढे छोटा पडदा आणि तीन बटणे, आणि आत दोन पेन्सिल सेल. हुबेहूब हाच काटा वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या खोक्यांतून विकला जातो, त्यामुळे नाव पाहून निवड करण्यात अर्थ नाही. किंमत पाचशे रुपयांच्या आत-बाहेर असते. खोक्यावर दहा किलोची क्षमता आणि एक ग्रॅमची अचूकता लिहिलेली असते. त्यातली क्षमता घरगुती कामाला पुरून उरते, अचूकतेबद्दल मात्र पुढे लिहिणार आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का असतो, तसा या काट्यावर नसतो. तो केवळ घरगुती वापरासाठी आहे आणि त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

या काट्याचा खरा उपयोग तेलासाठी आहे. आपल्याकडे भाजीला तेल किती घातले याचे उत्तर ‘दोन पळ्या’ असे मिळते, आणि पळी प्रत्येक घरात निराळी असते. तेल मोजण्याची पद्धत सोपी आहे. तेलाची किटली भरलेलीच काट्यावर ठेवावी, शून्याचे बटण दाबावे, नेहमीच्या हाताने कढईत तेल ओतावे आणि किटली पुन्हा काट्यावर ठेवावी. पडद्यावर उणे चिन्हासह जो आकडा दिसतो तेवढे तेल कढईत गेले. भरल्या वांग्यांसाठी आमच्याकडे नेहमीच्या सवयीने ओतलेले तेल या रीतीने मोजले तेव्हा उणे 64 असा आकडा आला. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 किलोकॅलरी मिळतात आणि खाद्यतेल जवळपास संपूर्ण स्निग्धच असते, म्हणजे वांगे चिरण्यापूर्वीच कढईत पावणेसहाशे किलोकॅलरी जमा झाल्या होत्या. त्यानंतर भाजीत पडते ते शेंगदाण्याचे कूट. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 565 किलोकॅलरी असतात. कूट पौष्टिक आहे यात वाद नाही, त्यात प्रथिनेही चांगली आहेत, परंतु आमच्या भागातल्या भाज्यांत ते ज्या मोकळेपणाने पडते त्याचा हिशोब मांडला की पोळ्या कमी करून वजन का हलत नाही या प्रश्नाचे उत्तर पोळ्यांपाशी थांबत नाही.

महिन्याचा हिशोब याहून बोलका आहे. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर वजन साधारण 910 ग्रॅम छापलेले असते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके आहे. अशी एक पिशवी म्हणजे सुमारे 8,200 किलोकॅलरी. शरीरातील एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 किलोकॅलरी साठवलेल्या असतात असे धरले जाते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच पिशव्या लागत असतील आणि त्या तीनवर आल्या, तर आहारातील इतर काहीही न बदलता केवढा फरक पडतो हे प्रत्येकाने स्वतःच काढावे. तळण बंद न करता, फक्त फोडणीचे तेल मोजून, आमच्या घरी हे साधले आणि भाजीच्या चवीबद्दल पहिल्या आठवड्यानंतर कोणी तक्रार केली नाही. पहिल्या आठवड्यात मात्र केली. सासूबाईंनी तर एकदा विचारलेच, ‘आता ताकालाही काटा लावणार का गं?’ ताकाला लावला नाही, कारण तिथे गरज नव्हती.

सांगलीत राहून भडंगाचा विचार टाळता येत नाही. चुरमुरे हलके असतात म्हणून भडंग हलके, असा एक सर्वमान्य समज आहे आणि काट्यावर तो टिकत नाही. घरी भडंग करताना शंभर ग्रॅम चुरमुऱ्यांना तीस ग्रॅम तेल आणि तेवढेच शेंगदाणे घेतले, तर सगळे मिळून आठशे किलोकॅलरींच्या आसपास जातात आणि तयार भडंगाच्या शंभर ग्रॅमला पाचशेचा हिशोब लागतो. दिसायला मोठी वाटी भरलेली असते, पण वजन जेमतेम चाळीस ग्रॅम भरते, त्यामुळे माणूस दुसरी वाटी घेतोच. वाटी मोजून भरावी, डबा परत फडताळात ठेवावा आणि मग खायला बसावे, एवढाच यावर उपाय आहे. बेदाण्यांचेही तसेच. तासगावच्या बाजूला एक किलो बेदाणा तयार व्हायला साधारण चार किलो द्राक्षे लागतात. द्राक्षांचा मोठा घोस खाल्ल्यावर पोट भरल्याची जाणीव होते, त्याच घोसाचे बेदाणे मात्र ओंजळीच्या कोपऱ्यात मावतात आणि साखर तेवढीच पोटात जाते. गुळाबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे: साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला तर उष्मांकांत फारसा फरक पडत नाही.

भाकरी आणि भात यांच्या बाबतीत काटा वापरण्याची एक शिस्त आहे आणि ती न पाळल्यास सगळे आकडे निरर्थक ठरतात. धान्य कोरडे असताना तोलावे. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पाणी शोषून अडीच ते तीन पट वजनाचा होतो. शिजलेल्या भाताचे वजन घेऊन त्याला कोरड्या तांदळाचे उष्मांक लावले, तर माणूस विनाकारण अर्धपोटी राहतो, आणि उलट केले तर स्वतःची समजूत घालून दुप्पट जेवतो. शाळूच्या पिठाची एक मध्यम भाकरी आमच्याकडे साठ ग्रॅम पिठाची होते, म्हणजे दोनशे किलोकॅलरींच्या जवळपास. ही भाकरी पालेभाजी आणि मोडाच्या मटकीबरोबर खाल्ली तर पोट बराच वेळ भरलेले राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा यावर भर आहे, आणि भाज्या तोलण्याच्या भानगडीत मी कधी पडले नाही. काकडी, मुळा, दोडका, मेथी यांना काटा लावणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

काटा घेतला म्हणजे व्यायामाची गरज संपली, असे मात्र कोणी समजू नये. व्यायामाकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे काट्यामुळे स्पष्ट होते. सकाळी हरिपूर रस्त्याने झाडांच्या सावलीतून संगमेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परत येणारे अनेकजण भेटतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाने तासभर भरभर चालले, तर अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. परतल्यावर चहाबरोबर पन्नास ग्रॅम खारे शेंगदाणे खाल्ले की तेवढ्याच, किंबहुना थोड्या अधिक, परत येतात, आणि पन्नास ग्रॅम म्हणजे दीड-दोन मुठी. म्हणून वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटात होते. चालण्याने रक्तातील साखर, रक्तदाब, झोप आणि मन यांना लाभ होतो, शिवाय उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यास त्याची मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. त्यातला दुसरा भाग आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, सर्रास वगळला जातो. कुस्तीच्या तालमी असलेल्या या जिल्ह्यात बैठका आणि जोर कोणाला शिकवावे लागू नयेत, तरीही बागेत चालणाऱ्या शंभरांत बैठका मारणारा विरळाच दिसतो. कमी खाऊन नुसते चालत राहिले, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते टाळण्यासाठी ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने ही दोन्ही लागतात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. कोरड्या डाळीच्या शंभर ग्रॅममध्ये बावीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात आणि एका अंड्यात सुमारे सहा. आमच्या आमटीत माणशी जेमतेम वीस ग्रॅम डाळ पडत होती, हेही काट्यानेच दाखवले. तेल कमी झाले तशी डाळ वाढली, आणि या खरेदीचा मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

पायाखालचा काटा घरात असेलच तर तो पुराच्या दिवसांत आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी पाहतो तसा पाहावा. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आकडे सांगलीकरांना पाठ आहेत, पण प्रत्येकजण विचारतो ते ‘पाणी चढतंय की उतरतंय’ हेच. शरीराचे वजन मीठ, पाणी, पोटातील अन्न आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळी यांमुळे एका दिवसात किलोभर खाली-वर होऊ शकते. रोजच्या गरजेपेक्षा पाचशे किलोकॅलरी कमी घेतल्यास सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते आणि पुढे ही गती मंदावते. पहिल्या काही दिवसांत जे झपाट्याने उतरते त्यात ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, आणि त्याच्याबरोबरचे पाणी असते. ‘दहा दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात. किती उतरवायचे याचाही अंदाज असावा: भारतीयांसाठी 23 च्या वरचा बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) अतिरिक्त वजनाचा आणि 25 पासून पुढचा लठ्ठपणाचा मानला जातो, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 तर स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. त्यासाठी दहा रुपयांची शिवणकामाची टेप पुरते.

आता काट्याचे दोष. परात किंवा मोठे पातेले ठेवले की त्याचा काठ पडद्यावर येतो आणि आकडा दिसत नाही. तबकडीवर आधी उपडी वाटी ठेवून, शून्य करून, तिच्यावर पातेले ठेवावे लागते, आणि ते डुगडुगते. मिनिटा-दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो. पीठ घेता घेता दारावरची घंटा वाजली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. तीन-चार ग्रॅमच्या खालच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. पदार्थ अगदी हळूहळू टाकत गेले तर काटा ती वाढ शून्यातच जिरवतो आणि आकडा हलतच नाही. मिलिलिटर दाखवण्याची सोय आहे, परंतु ती सगळे पदार्थ पाण्याइतकेच जड आहेत असे धरून चालते, त्यामुळे तेलासाठी ते बटण दाबू नये. गरम कढई तबकडीवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. सेल उतरू लागले की आकडे भरकटतात, म्हणून अधूनमधून एक किलो मिठाची न फोडलेली पुडी ठेवून पाहावी.

हा काटा सर्वांसाठी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटाला काटा लावणे मला साफ नामंजूर आहे. आणि ज्यांना प्रत्येक घासाची चिंता वाटू लागते त्यांनी काटा कपाटात ठेवून द्यावा हे उत्तम. जन्मभर तोलून जेवावे असे माझे म्हणणे नाही. दोन-तीन महिन्यांत हाताला अंदाज येतो, किटली किती तिरपी करायची हे मनगटाला कळते. त्यानंतर आमच्याकडे काटा नवी भाजी करताना, भडंग करताना आणि महिन्याच्या सुरुवातीला तेलाची किटली भरताना बाहेर येतो, एरवी उभा करून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो.

विकत घेताना पडदा तबकडीपासून जरा पुढे आलेला असेल असा नमुना निवडावा, शून्याचे बटण दाबल्यावर उणे आकडा दाखवतो की नाही हे दुकानातच तपासावे, आणि सेल खोक्यात नसतील तर ते तिथेच मागून घ्यावेत. काचेच्या तबकडीचे महाग नमुने दिसायला चांगले असतात, पण ओल्या हाताने वापरताना निसरडे वाटतात. फोनला जोडले जाणारे आणि उष्मांक आपोआप सांगणारे काटेही मिळतात, मात्र त्यांच्या यादीत भरले वांगे किंवा मेथीची गरगट्टी सापडण्याची शक्यता कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी तिप्पट पैसे मोजू नयेत.