वीत की पट्टी: मुलांना लांबीचा अंदाज कशाने शिकवायचा?
वहिनी विचारत होती, तिसरीतल्या पोराला लांबीचा अंदाज यायला पट्टी देऊ की वीत-बोटांनी मोजायला लावू. खर्चाचं म्हणाल तर वीत फुकट, पट्टी स्वस्त पण दप्तरात लगेच मोडते. अचूकपणात पट्टीच पुढे, कारण आईची वीत वेगळी नि पोराची वेगळी, त्यात ती वाढतही जाते, म्हणून अधूनमधून पट्टीवर ठेवून बघायची. पण पट्टी आधी हातात आली की पोरं अंदाज करतच नाहीत, थेट आकडा वाचतात, तेही कधी ० सोडून १ पासून! दहाची नवी नोट १२.३ सेंमी, ती दाखवून कंपासपेटी केवढी असेल विचारा, मग मोजा. पहिली-दुसरीला वीतच बरी, सेंमी सुरू झाले की दोन्ही, आणि पेपरात नुसती रेघ मोजायची असेल तर पट्टी पुरे.