मातीवर वाळू अंथरू नका: कॉरींच्या टाकीचे आठ महिने

कॉरी म्हणजे तळाची वाळू उकरत खाणारे, मिशा असलेले छोटे मासे. त्यांच्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, डब्यासारखा) आठव्या महिन्यात खरखरायला लागला. आधी फक्त चालू करताना, मग दिवसभर. उघडल्यावर इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) चुंबकावर गोल चरे दिसले आणि खोबणीत बारीक वाळू. सर्व्हिसवाल्यांनी फोटो बघून ‘वाळू गेली म्हणजे वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी लागू नाही’ असं कळवलं आणि वर अख्खं पंप हेड बदलायला सांगितलं. त्याची काहीएक गरज नव्हती. इम्पेलर आणि त्याचा सिरॅमिक दांडा सुटा मिळतो. तेवढं बदललं, आवाज गेला. चांगल्या भागासकट सगळं फेकायला लावणारा सल्ला मात्र संतापजनक आहे. वाळू आत गेली कशी, हे शोधताना मूळ मांडणीतल्याच चुका समोर आल्या, म्हणून हा अनुभव टाकीच्या तळाबद्दल जास्त आणि बाकी गोष्टींबद्दल कमी आहे.

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी, लाकूड आणि तळ वजा जाता पाणी साधारण १४० लिटर. मासे स्टरबाय कॉरी, १० नग. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. (२०२४च्या वर्गीकरणात कोरीडोरस वंशाची फोड झाली. स्टरबाय आता हॉप्लिसोमात गेला, ब्राँझ कॉरी ऑस्टिओगॅस्टरमध्ये. बोलण्यात सगळे कॉरीच आहेत, तेच नाव ठेवतो.) स्टरबाय निवडायचं कारण तापमान. २४ ते २८ अंशांत हा निवांत राहतो. पांडा आणि पेपर्ड या दुसऱ्या कॉरींना त्याहून गार पाणी मानवतं.

सुरुवातीची मांडणी नेहमीची होती: खाली ५ सेंमी ॲक्वासॉइल (झाडांसाठीचे भाजलेल्या मातीचे दाणे), वर ३ सेंमी बारीक वाळू. झाडांना खत खालून, माशांना मऊ तळ वरून. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, पण कॉरींच्या टाकीत हे टिकत नाही. मासे सोडल्यावर सहा आठवड्यांत वाळूवर मातीचे काळे दाणे पसरले आणि दहाव्या आठवड्यापर्यंत पुढचा भाग पूर्ण काळा-पिवळा झाला.

कारण साधं आहे. कॉरी डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, घास घेतो, खाण्याजोगं तेवढं ठेवून वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. दहा मासे दिवसभर हेच करतात. सतत हलणाऱ्या थरात बारीक कण मोठ्या दाण्यांच्या फटींतून खाली उतरतात आणि मोठे दाणे वर ढकलले जातात. वाळू ०.४ ते ०.८ मिमी, मातीचा दाणा २ ते ४ मिमी आणि भाजलेला असल्याने वजनाला हलका. उलटापालट ठरलेलीच. वाळूचा थर जाड केला तरी वेळ फक्त पुढे ढकलली जाते, कारण एखादं झाड उपटलं की मुळांबरोबर मूठभर माती वर येतेच. शिवाय खाली गेलेली वाळू मातीतल्या पोकळ्या बुजवते, आत पाणी खेळत नाही, आणि काठी खुपसली की सडक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे निघतात.

तिसऱ्या महिन्यात दोन माशांच्या मिशा आखूड दिसल्या. त्याचं खापरही वर आलेल्या मातीच्या दाण्यांवर फोडलं होतं. हे मत आता बदललं आहे. ते दोन मासे बहुतेक वेळ लाकडामागच्या कोपऱ्यात असायचे. तिथे प्रवाह पोहोचत नव्हता आणि न खाल्लेल्या गोळ्यांचा बुरशीचा थर साचला होता. तो कोपरा पाइपने साफ केला, फिल्टरचं पाणी परत सोडणाऱ्या आउटलेटची दिशा तिकडे वळवली, आठवड्याला ४० टक्के पाणी बदल सुरू केला. मातीचे दाणे तसेच होते, तरी दोन महिन्यांत मिशा बऱ्याच परत आल्या. मिशीचं मूळ शाबूत असेल तर ती वाढते. म्हणजे टोकदार खडी टाळायलाच हवी, पण मिशा झिजल्या की आधी तळातली घाण तपासा, दाण्याचा आकार नंतर.

तरीही थर मोडून नवी मांडणी केली, कारण दर आठवड्याला वाळू उपसताना माती चिखल होऊन पाण्यात मिसळत होती. आता माती आणि वाळू एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी आहेत. मागच्या १७ सेंमी पट्ट्यात माती, पुढच्या २८ सेंमीत फक्त वाळू. मध्ये ३ मिमी जाडीची, ७ सेंमी उंच ॲक्रिलिकची पट्टी तळाच्या काचेला टेकवून उभी, तिच्यापुढे चपटे दगड. पट्टी आणि बाजूच्या काचा यांच्यामधल्या फटीत फिल्टरचा पांढरा कापूस घट्ट भरायचा. तिथूनच माती गळते.

हिशेब असा: वाळू ९० × २८ × २.५ म्हणजे ६.३ लिटर, साधारण १० किलो. माती ९० × १७ × ६ म्हणजे जवळपास ९ लिटर. आधी थर देताना २० लिटर माती लागली होती. निम्म्याहून जास्त माती वाळूखाली उगाच पुरलेली होती, हे आधी कळलं असतं तर ११ लिटर वाचली असती. आणि मिसळलेली माती परत मिळवणं कष्टाचं आहे. कोरडी चाळता येत नाही, ओला दाणा चाळणीवर चोळला की फुटतो. घमेल्यात पाणी घेऊन १ मिमी जाळीची चाळणी पाण्याखालीच हळू हलवायची. वाळू खाली जाते, दाणे राहतात. अशी निम्मी माती वाचली आणि तेवढीच पुरली. मासे लगेच परत सोडायचे असतील तर नवी माती घालू नका, ती पहिले काही आठवडे माशांना घातक असा अमोनिया सोडते. जुन्या मातीतला बहुतेक निघून गेलेला असतो.

कॉरी पकडायला जाळी वापरू नका. पाठीवरचा आणि छातीच्या पराचा काटा ताठ होऊन जाळीत अडकतो, सोडवताना पर फाटतो. हाताला टोचला तर आग होते. पारदर्शक डबा आडवा धरून त्यात हाकला.

वाळू स्विमिंग पूलच्या फिल्टरची चालते. मूठभर घेऊन व्हिनेगर टाका, फेस आला तर त्यात चुनखडी आहे, पाणी जड करेल. ओली वाळू बोटांत चोळून टोचते का बघा. बादली एक तृतीयांश भरून दहा-बारा पाणी धुतल्याशिवाय आत टाकू नका. पांढरी शुभ्र वाळू घेऊ नका. तिच्यावर मासे फिके पडतात आणि उजेडाला बुजून लपतात.

झाडांबद्दल थोडक्यात. मातीच्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन वेंडटी आणि मागे व्हॅलिस्नेरिया. क्रिप्टची पानं दुसऱ्या आठवड्यात वितळतात. मुळं उपटू नका, महिन्याभरात नवी पानं येतात. मुळं धरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, प्रत्येक झाडाभोवती ३-४ सेंमीचे गुळगुळीत गोटे ठेवा, नाहीतर सकाळी सगळी तरंगताना दिसतात. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकलं जाणारं ग्लुटाराल्डिहाइड व्हॅलिस्नेरियाला सोसत नाही, पानं काचेसारखी होऊन गळतात. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधायचे, त्यांचं आडवं खोड पुरलं की कुजतं. पुढे गवताचा गालिचा करायचा मोह सोडा. मोकळी वाळू ही या माशांची गरज आहे, आणि गालिचा ते तसाही ठेवत नाहीत. रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी) फक्त मातीत, ५ सेंमी खोल, १५ सेंमी अंतरावर, तीन महिन्यांनी एकदा. २.५ सेंमी वाळूत खोचलेली टॅब दोन दिवसांत उकरून वर येते आणि पाण्यात अमोनिया वाढतो. दिवा सहा तास, आणि एक तृतीयांश पृष्ठभागावर तरंगती साल्विनिया.

आता फिल्टर. वाळू आत जायला तीन गोष्टी एकत्र आल्या. पाणी ओढणाऱ्या इनलेटची जाळी वाळूपासून फक्त ४ सेंमीवर होती. गोळ्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पडत होत्या, म्हणजे उकराउकर तिथेच. आणि जाळीवरचा स्पंज तुंबून जड झाल्याने खाली घसरला, वर बोटभर फट राहिली. आता इनलेट वाळूपासून १२ सेंमी वर आहे, स्पंज मोठ्या छिद्रांचा असून केबल टायने आवळलेला आहे, आणि खाणं विरुद्ध टोकाला पडतं. स्पंज धुवायला काढण्याआधी पंप बंद, मग इनलेटचा व्हॉल्व्ह बंद, मग स्पंज. परत बसवल्यावर उलट क्रमाने. स्पंज नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. वाळू उपसताना आणि नंतर दहा मिनिटं फिल्टर बंद. दर दोन महिन्यांनी इम्पेलर बाहेर काढून खोबणी पुसायची. पंप हेड उघडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि हे आधीपासून केलं असतं तर तो भाग आजही चालला असता.

कॉरी मध्येच वर झेप घेऊन हवेचा घोट घेतात, ते आतड्यातूनही श्वास घेतात. त्यात काळजीचं काही नाही. सगळा कळप मिनिटामिनिटाला वर जाऊ लागला तर मात्र लगेच अमोनिया आणि नायट्राइट मोजा. सुरुवातीला टाकी माशांशिवाय पाच आठवडे चालवली होती, दोन्ही शून्यावर आल्यावर आधी सहा आणि दोन आठवड्यांनी चार मासे सोडले. ‘तळ साफ करणारे मासे’ ही समजूत चुकीची आहे. उरल्यासुरल्यावर ठेवले तर पोटं खपाटीला जातात. दिवा बंद झाल्यावर बुडणाऱ्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या).

सगळ्यात मोठा आनंद सातव्या महिन्यात मिळाला. पाणी बदलताना नवं पाणी टाकीपेक्षा ३ अंश गार पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर, आउटलेटजवळ, अनुबियासच्या पानांखाली पिवळसर अंडी चिकटलेली होती. टाकीत ठेवली तर कॉरी स्वतःच खातात. बोटाने हलकेच घोळवून काढता येतात, ताजी असताना फुटतात, काही तासांनी कडक होतात. त्याच टाकीचं पाणी घातलेल्या डब्यात, हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनच्या हलक्या प्रवाहात ठेवायची. पांढरी पडलेली रोज वेचायची, नाहीतर बुरशी शेजारच्यांवर चढते. चौथ्या दिवशी पिल्लं फुटली. डब्यात वाळूचा जेमतेम अर्धा सेंमी थर दिला आहे, आणि हवेच्या बारीक नळीने रोज दोनदा तळ ओढला जातो.