सगळ्यांनाच विंग हवी असते : नवशिक्यांच्या रग्बी वर्गाबद्दल

मोठ्या वयात रग्बी युनियन शिकायला निघालेल्या बायकांसाठी हा वर्ग मी मनापासून सुचवेन. पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते पुढे येईलच. मैदान, दिवे, कपडे बदलायची खोली हे सगळं ठीकठाक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: पंधरा जागांपैकी आपली जागा कोणती, हे इथे फार विचारपूर्वक शोधून देतात.

याआधी मी दुसऱ्या एका क्लबात जात होते. तिथे पहिल्याच संध्याकाळी माझा आडवा बांधा बघून मला प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेत कडेला उभं राहून ढकलणारी, ठरवून टाकलं. काय येतं, काय आवडतं, कुणी विचारलं नाही. स्क्रममध्ये (दोन्ही संघांच्या खेळाडू एकमेकींत गुंतून चेंडूसाठी ढकलतात तेव्हा) पाठ आणि मान कशी ठेवायची हे न शिकवता एखादीला पुढच्या रांगेत उभं करणं हा बेजबाबदारपणा आहे. मी तिथून निघाले.

या वर्गाला सध्या तोबा गर्दी आहे आणि त्याचं कारण उघड आहे. 2016 च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंचं रग्बी, आलं. 2024 ला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या मुलींनी अगदी शेवटच्या क्षणी ट्राय करून (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून) ऑस्ट्रेलियाला 14-12 असं हरवलं आणि कांस्यपदक घेतलं, तो क्षण कितीतरी जणींनी मोबाइलवर पाहिलाय. त्याच अमेरिकन संघातल्या इलोना माहेरचे व्हिडिओ बघून आलेल्या तर आमच्या तुकडीत ढिगाने होत्या. मग 2025 च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना: इंग्लंडने कॅनडाला 33-13 ने हरवलं आणि लंडनच्या ट्विकनम मैदानावर 81,885 प्रेक्षक हजर होते. बायकांचं रग्बी बघायला एवढे लोक! हे वाचून मला खरंच भरून आलं होतं.

पण सेव्हन्स पाहून आलेल्या प्रत्येकीला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळायच्या जागेवर, खेळायचं असतं. साहजिक आहे. तेवढ्याच मोठ्या मैदानावर फक्त सात-सात खेळाडू, सात मिनिटांचा एक डाव, मोकळी जागाच जागा. नजरेत भरतं ते पळणं. पंधरा जणींच्या खेळात मात्र स्क्रममध्ये ढकलणाऱ्या आठ फॉरवर्ड लागतात, सामना ऐंशी मिनिटं चालतो आणि विंगवरच्या मुलीकडे कित्येकदा बराच वेळ चेंडू फिरकतसुद्धा नाही. आमच्या कोचताईंनी यावर भाषण दिलं नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी जागांची नावंच काढली नाहीत. छोटे छोटे सामने लावायचे आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांची अदलाबदल करायची. आत्ता रकमधून (जमिनीवरच्या चेंडूवर दोन्हीकडच्या खेळाडू भिडतात त्यातून) चेंडू काढून देणारी थोड्या वेळाने अगदी मागे उभी राहून उंच किक झेलायची.

त्या काय बघत होत्या, ते मी एकदा सरळ विचारलं. पळण्याचा वेग त्यांच्या यादीत खाली होता. खाली पडलेली मुलगी किती लवकर उठते, चेंडू लांब असताना ती कुठे उभी राहते, दमल्यावरही तोंडाने बोलत राहते का, समोर एकच बचावपटू असेल तर मोकळी सोबतीण तिला दिसते का, असं सगळं त्या टिपत होत्या.

माझं असं झालं की टॅकल केल्यावर, म्हणजे चेंडूवालीला धरून पाडल्यावर, मी पटकन उठते. ते त्यांनी हेरलं आणि मला बाजूला घेऊन एकच गोष्ट घोटून घेतली. टॅकल केलं की आधी धरलेलीला सोडायचं, पायांवर उभं राहायचं, आपल्या बाजूने यायचं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, कंबर खाली, हात थेट चेंडूवर. कोपर किंवा गुडघा जमिनीला टेकता कामा नये, स्वतःच्या पायांवर पेलता आलं पाहिजे. समोरच्या दोघी येऊन आदळतात तरी हलायचं नाही. खाली पडलेलीने चेंडू सोडला नाही की पंचांची शिट्टी वाजते आणि पेनल्टी आपल्याला मिळते. गोलावर मारली तर तीन गुण, बाहेर मारली तर लाइनआउटचा (कडेवरून दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकायचा) चेंडूही आपणच टाकायचा. हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा कोचताई म्हणाल्या, “तू सात नंबर.” म्हणजे ओपनसाइड फ्लँकर. (दक्षिण आफ्रिकेत या जागेला सहा नंबर असतो, सिया कोलिसी घालतो तो.) स्क्रम सुटला की चेंडूकडे सगळ्यात आधी धावायचं, हेच काम. ज्या बांध्यामुळे मला पुढच्या रांगेत ढकललं होतं, तोच इथे रकमध्ये पाय रोवायला उपयोगी पडला.

आमच्यातली सगळ्यात बुटकी मुलगी हुकर, म्हणजे पुढच्या रांगेतली मधली, झाली. कारण काय, तर तिची लाइनआउटची फेक दोन रांगांच्या मधोमध सरळ जाते, आणि ही कला दुर्मीळ आहे. उंची कमी म्हणून कोणी मागे राहिलं नाही. फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ आणि दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे दोघेही पावणेसहा फुटांच्या आतले, आणि लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत खेळणारा एबेन एट्झेबेथ सहा फूट आठ इंच. या खेळात सगळ्यांना जागा आहे, असं नुसतं म्हणायचं आणि प्रत्यक्षात जागा शोधून द्यायची, यात फार अंतर आहे. या वर्गाने ते काम केलं.

आता तारा कापला तो कशासाठी. एक म्हणजे, तुकडी फार मोठी आहे. रांगेत उभं राहण्यातच वेळ जातो. दुसरं, आणि मला हे जास्त खटकलं: किक मारण्याचा सराव जवळजवळ नाहीच. फ्लायहाफ किंवा फुलबॅक अशा किक मारायच्या जागांवर खेळू शकणाऱ्या मुलींची पारख त्यामुळे होतच नाही. वेगळी शनिवार सकाळ त्यासाठी ठेवायला हवी. स्क्रमही शेवटी शेवटी शिकवला. शिकवला तेव्हा छान शिकवला, आधी यंत्रावर, मग एकास एक, मग तिघी. पण पुढच्या रांगेच्या तिघी तयार नसतील तर सामन्यात ढकलाढकलीविना स्क्रम घ्यावे लागतात आणि निम्मी मजा जाते. प्रॉप घडायला वेळ लागतो, तो द्यायला हवा.

सुरक्षेबाबत तक्रार नाही. टॅकल गुडघ्यांवर बसून सुरू केलं, मग चालत, मग धावत. अनेक देशांत हौशी पातळीवर टॅकलची मर्यादा आता छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली आहे, इथे पहिल्या दिवसापासून तीच पाळतात. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी परत मैदानात घेत नाहीत, कितीही विनवा.

जाणार असाल तर माउथगार्ड आधीच घ्या आणि घरी गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट बसवून जा, तिथे ऐनवेळी मिळत नाही. नावनोंदणीच्या अर्जात “आवडती जागा” असा रकाना आहे. तो मोकळा सोडला तरी चालतं.